विश्लेषण : हॉबिटची उंची कॅमेराच कमी करतो, मग ठेंगण्या नटानं करायचं काय?

‘नटरंग’मधला गुणा आठवतोय? गुणा कागलकर. अंगानं पैलवान, मोलमजुरी करणारा, डोक्यात तमाशाचं वेड. त्याला व्हायचं असतं राजा. पण फडाला नाच्या मिळेना, म्हणून हाच गडी कंबर लचकवायला शिकतो. मग लोक त्याचं राजेपणही विसरतात आणि पैलवानकीही. उरतो तो नाच्या, फडावर आणि फडाबाहेरही. ही कादंबरी लिहिणारे आनंद यादव आपल्या कागलचे. १ जानेवारी २०१० रोजी रवी जाधव यांचा सिनेमा आला, तेव्हा अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आधी अंग कमावलं आणि मग उतरवलं, याचीच चर्चा जास्त झाली होती.

अतुल कुलकर्णींना शरीर बदलता आलं. पण ज्यांची उंची तीन-साडेतीन फूट आहे आणि आयुष्यभर तेवढीच राहणार आहे, त्या नटांचं काय? डॉक्टर, वकील, शेजारी अशा भूमिकांसाठी त्यांना कुणी बोलावत नाही. निदान गोष्टीत बुटक्यांची एखादी जमात असेल, म्हणजे हॉबिट, ड्वार्फ, सात बुटके वगैरे, तर तिथं त्यांचा नंबर पहिला लागावा असं आपल्याला वाटतं. तिथंही तो लागत नाही, हा सध्याच्या वादाचा मुद्दा आहे.

वाद नेमका कशाचा?

मार्च २०२५ मध्ये डिस्नेचा नवा ‘स्नो व्हाइट’ आला. त्यातले सातही बुटके संगणकावर तयार केलेले होते. याची सुरुवात झाली जानेवारी २०२२ मध्ये. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला टिरियन, म्हणजे पीटर डिंकलेज, एका पॉडकास्टमध्ये बोलता बोलता म्हणाला की, नायिकेच्या निवडीत पुढारलेपण दाखवता आणि गुहेत राहणाऱ्या सात बुटक्यांची तीच जुनाट गोष्ट पुन्हा सांगता, याला काय अर्थ? त्यावर आपण वेगळा मार्ग शोधतोय, असं डिस्नेनं जाहीर केलं. तो वेगळा मार्ग म्हणजे संगणक. मग कमी उंचीच्याच इतर कलाकारांनी डिंकलेजवर राग काढला. तुझं बस्तान बसलंय, आमची सात कामं गेली, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. मार्टिन क्लेबा या कमी उंचीच्या नटाला ‘ग्रम्पी’चं काम मिळालं, पण प्रेक्षकांना ऐकू आला तो फक्त त्याचा आवाज.

दोन्ही बाजूंचं खरं आहे, ही यातली अडचण. डिंकलेजनं स्वतःही २००८ च्या ‘नार्निया’मध्ये ट्रम्पकिन नावाचा बुटका केला होता. पायरी चढून गेलेल्या माणसाला ती मोडकी आहे हे सांगायचा हक्क आहे. खाली उभ्या असलेल्यांना मात्र तेवढी एकच पायरी दिसते.

आकड्यांत बघायचं असेल तर चॉकलेट कारखान्याची गोष्ट घ्या. १९७१ च्या ‘विली वोंका’मध्ये ऊम्पा लूम्पा ही जमात कमी उंचीच्या दहाएक कलाकारांनी उभी केली. २००५ मध्ये टिम बर्टननं एकट्या दीप रॉयकडून १६५ ऊम्पा लूम्पा करून घेतले. २०२३ च्या ‘वोंका’मध्ये ऊम्पा लूम्पा झाला ह्यू ग्रँट, चांगला उंचापुरा नट, संगणकानं वीतभर केलेला. दहा, एक आणि शून्य. तंत्र पुढं जात गेलं तशी माणसं कमी होत गेली. हे आपल्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्या कुणालाही वेगळं समजावून सांगायला नको.

कॅमेरा माणसाला छोटा कसा करतो?

इथं थोडी भूमिती. मी इंजिनिअरिंग केलंय, पण यासाठी डिग्री लागत नाही, दहावीचे समरूप त्रिकोण पुरतात. पन्हाळ्यावर मित्राला तळहातावर उभा केलेला फोटो तुम्हीही काढला असेल. मित्र लांब, हात जवळ, कॅमेऱ्याचा एकच डोळा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (२००१ ते २००३) पीटर जॅक्सननं हेच मोठ्या प्रमाणावर केलं. समजा गँडाल्फ कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर बसलाय आणि १६८ सेंटीमीटर उंचीचा नट ५ मीटरवर. कॅमेऱ्याला तो नट १६८ गुणिले ३ भागिले ५, म्हणजे साधारण १०१ सेंटीमीटरचा दिसणार. झाला हॉबिट. फक्त दोघं एकाच टेबलाशी बसल्यासारखे वाटायला हवेत. म्हणून टेबल दोन तुकड्यांत बनवायचं, जवळचा तुकडा लहान आणि लांबचा मोठा, आणि जोड कपबशांच्या मागं लपवायचा.

कॅमेरा हलला की ही फसवणूक उघडी पडते. त्यावर त्यांनी नटालाच सरकत्या फळीवर बसवलं, कॅमेरा जाईल तशी फळीही मोजून मापून सरकायची. पुढं २०१२ चा ‘हॉबिट’ थ्रीडीमध्ये आला. थ्रीडीत दोन डोळे असल्यानं अंतर लपत नाही. मग गँडाल्फ झालेल्या इयन मॅकेलनना हिरव्या पडद्यासमोर एकटंच बसवून, बाकीचे बुटके दुसऱ्या सेटवर ठेवून चित्रीकरण झालं. समोर माणूसच नाही, संवाद बोलायचे ते हवेत. इतका मुरलेला नट, पण त्या एकटेपणानं सेटवर रडला होता.

कोल्हापूरला कॅमेऱ्याच्या करामतींचं अप्रूप नाही. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथंच तयार केला, आणि १९२० च्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की तो प्रसंग नंतर काढावा लागला, असं सांगतात. त्यामुळं करामत वाईट, असं मी तरी म्हणणार नाही. शिवाय जॅक्सनच्या बाजूनंही एक मुद्दा आहे. हॉबिट ही मूळ कादंबरीत सगळे अवयव प्रमाणात असलेली, फक्त आकारानं लहान जमात आहे. वैद्यकीय कारणानं उंची खुंटलेल्या माणसांत बऱ्याचदा धड नेहमीएवढं आणि हातपाय आखूड असतात. ही दोन शरीरं एक नव्हेत. लेखकानं कल्पिलेली जमात आणि खरी माणसं एकच, असं धरून चालणं हाच मुळात अपमान आहे, असं कुणी म्हटलं तर ते खोडणं सोपं नाही.

तोंड एकाचं, अंग दुसऱ्याचं

पण करामतीनं सगळं भागलं नव्हतंच. लांबून दिसणारे, पाठमोरे, घोड्यावरचे, धडपडणारे हॉबिट खऱ्या कमी उंचीच्या माणसांनी केले. त्यातला मोठा वाटा किरण शाह यांचा. नैरोबीत जन्मलेला हा भारतीय वंशाचा माणूस. उंची १२६.३ सेंटीमीटर, सर्वांत कमी उंचीचा व्यावसायिक स्टंटमॅन म्हणून गिनेस बुकात नोंद. फ्रोडो म्हणून तुम्ही ज्याला पाहता, त्यातला बराचसा फ्रोडो एलायजा वूड नसून किरणभाई आहेत. इतकंच काय, १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये लांबच्या दृश्यांत ख्रिस्तोफर रीव्हच्या जागी तेच होते. १६५ ऊम्पा लूम्पा करणारे दीप रॉयसुद्धा नैरोबीत जन्मलेले, भारतीय वंशाचेच. हॉलिवूडच्या फँटसीच्या पोटात आपली दोन माणसं आहेत, आणि आपल्यापैकी किती जणांना त्यांची नावं ठाऊक आहेत?

गिम्ली नावाच्या ड्वार्फचा किस्सा तर याहून बोलका आहे. ही भूमिका जॉन ऱ्हिस-डेव्हिस यांची. उंची १८५ सेंटीमीटर, म्हणजे बुटक्याच्या भूमिकेत त्या टोळीतला सर्वांत धिप्पाड नट! चेहऱ्यावरच्या रबरी मेकअपनं त्यांची कातडी सोलून निघायची, डोळे सुजायचे. मग बरीच दृश्यं ब्रेट बीटी या कमी उंचीच्या डबलनं केली. चित्रीकरण संपल्यावर नऊ जणांच्या टोळीनं आठवण म्हणून गोंदवून घ्यायचं ठरवलं. ऱ्हिस-डेव्हिस म्हणाले, माझ्याऐवजी माझ्या डबलला न्या. म्हणून आठ नट आणि नववा बीटी, असे ते गोंदण आहे. पोस्टरवर मात्र बीटी कुठंच नाही.

मला यात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. भूमिका उंच नटाला दिली, ठीक. पण लहान अंगाची गरज पडलीच, तर त्या अंगाच्या मालकाचा चेहरा मुखवट्याखाली झाकायचा आणि नाव श्रेयनामावलीच्या तळाला टाकायचं. पहिल्या ‘हॅरी पॉटर’मध्ये (२००१) ग्रिपहूक या गॉब्लिनचं अंग व्हर्न ट्रॉयरचं आणि आवाज वॉर्विक डेव्हिसचा होता. एक बुटका पात्र, दोन बुटके नट, आणि दोघांपैकी एकाचाही पूर्ण माणूस पडद्यावर नाही.

आपल्याकडं काय परिस्थिती?

आपल्या पुराणांत बुटक्यांची जमात नाही असं वाटत असेल तर वालखिल्य ऋषी आठवा. अंगठ्याएवढे साठ हजार ऋषी, सूर्याच्या रथापुढं चालणारे. त्यांची चेष्टा इंद्राला महागात पडली आणि त्यातूनच गरुडाच्या जन्माची कथा निघाली. म्हणजे लहान अंगाला हसू नये, हे आपल्याकडं फार जुन्या काळी सांगून झालंय. वालखिल्यांवर कुणी सिनेमा काढला तर खुशाल संगणक वापरावा, अंगठ्याएवढा नट कुठून आणणार?

मूर्तिकारांनी दोन्ही टोकं दाखवली. पितळखोऱ्याच्या लेण्यातला बुटका यक्ष सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. डोक्यावर पात्र, पोट सुटलेलं आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाराही हसतो, त्याला नव्हे, त्याच्यासोबत. हातावर कारागिराचं नाव कोरलंय, कान्हदास सोनार. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्या बुटक्याला अंग, चेहरा आणि श्रेय तिन्ही मिळालं, निदान घडवणाऱ्याला तरी. दुसऱ्या टोकाला नटराजाच्या पायाखालचा अपस्मार पुरुष. तोही बुटकाच, पण अज्ञानाचं प्रतीक म्हणून तुडवलेला. आणि वामन? साक्षात अवतार, पण पडद्यावर नि नाटकात तो बहुतेक वेळा गोजिरवाण्या लहान मुलाला देतात. मोठं वय, पक्का आवाज आणि लहान अंग असं एकत्र आलं की भक्तीऐवजी हशा पिकेल, अशी धास्ती असावी.

ती धास्ती खोटी नाही. सर्कस हा या पट्ट्यातला जुना धंदा. सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये पहिली भारतीय सर्कस उभी केली, आणि सर्कस म्हटलं की बुटका जोकर आलाच. मी चौथी-पाचवीत असताना गैबीच्या उरसात एक तंबू लागला होता. त्यात एक ठेंगणा माणूस फळीचा मार खायचा आणि आम्ही लोळून हसायचो. खेळ संपल्यावर तोच माणूस बाहेर चहाच्या गाड्यावर सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होता. आवाज घोगरा, चांगला वयस्क, दमलेला. तो काहीही विनोदी बोलत नव्हता. तरी आम्ही पोरं हसलो.

सिनेमानं या हसण्याचं काय केलं? कमल हासननं १९८९ मध्ये ‘अपूर्व सहोदरर्गळ’ (हिंदीत ‘अप्पू राजा’) केला. गुडघ्यांना बूट बांधून, पाय मागं दुमडून तो अप्पू झाला, सर्कशीतला जोकर, ज्याला प्रेमही करायचंय आणि सूडही घ्यायचाय. पाहताना अप्पूला हसू येत नाही, हे त्या सिनेमाचं यश. २०१८ च्या ‘झीरो’मध्ये शाहरुख खानला संगणकानं छोटा केला. खर्च अफाट, सिनेमा आपटला. तो आपटला म्हणून नव्हे, पण मला ‘झीरो’ बघताना सतत शाहरुखच दिसत राहिला, बउआ सिंग दिसला नाही. उंची हा त्याचा त्या सिनेमापुरता ड्रेस होता.

उलटी वाट केरळनं धरली. विनयन यांच्या २००५ च्या ‘अद्भुत द्वीप’ या मल्याळम सिनेमात एक बेट आहे, जिथले सगळे पुरुष शापानं बुटके. चक्क फँटसीतली बुटकी जमात! त्यासाठी खरेच शेकडो कमी उंचीचे लोक गोळा केले आणि नायक केलं ७६ सेंटीमीटरच्या अजयकुमारला. प्रमुख भूमिका करणारा सर्वांत कमी उंचीचा नट म्हणून त्याची गिनेसमध्ये नोंद झाली, नावच पडलं गिनेस पक्रू. पुढं २०१३ मध्ये तो दिग्दर्शकही झाला. सिनेमा काही ठिकाणी भडक आहे, विनोदही सगळे पटणारे नाहीत. पण त्या बेटावर राजा, भित्रा, प्रेमिक, खलनायक असे नाना तऱ्हेचे बुटके आहेत. बुटकेपणा हा तिथं कुणाचा एकट्याचा स्वभाव उरत नाही. माझ्या मते बुटक्यांची जमात पडद्यावर दाखवण्याचा खरा फायदा हाच आहे, आणि तो उंच नटांना छोटं करून मिळत नाही.

मराठीत काय? ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू म्हटलं तर लहान अंगातला मोठा माणूस, पण ती रामदास पाध्यांची बाहुली. महाराष्ट्रातली जगभर नाव झालेली कमी उंचीची व्यक्ती म्हणजे नागपूरच्या ज्योती आमगे. ६२.८ सेंटीमीटर, अठराव्या वाढदिवशी, १६ डिसेंबर २०११ रोजी, जगातली सर्वांत कमी उंचीची स्त्री म्हणून नोंद. त्यांना अभिनयाचं मोठं काम दिलं ते अमेरिकन मालिकेनं, ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’च्या २०१४ च्या पर्वात. तिथंही भूमिका जत्रेतल्या ‘विचित्र माणसांच्या’ खेळातलीच. मराठीनं तेवढंही दिलं नाही.

‘अभिनय येतो त्याला भूमिका द्या’

हा युक्तिवाद निर्माते करतात आणि वरवर तो बिनतोड आहे. मोठा नट हवा, पैसा लागलाय, कमी उंचीचे कसलेले नट आहेत कुठं? कागलमध्ये वाढलेल्या माणसाला यावर पागेतली गोष्ट आठवते. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. तेव्हा सांगलीच्या अभ्यंकर वकिलांनी लायकीचा मुद्दा काढला. महाराजांनी त्यांना पागेत नेलं आणि सगळ्या घोड्यांचा चंदी एकत्र टाकायला सांगितला. धट्ट्याकट्ट्या घोड्यांनी तो फस्त केला, अशक्त आणि शिंगरं मागं उभी राहिली. नट कसलेले नाहीत, कारण त्यांना कसायला कामच मिळालेलं नाही. लिलीपुट हे नाव घेऊन आयुष्यभर छोट्या भूमिका करणारा नट २०२० मध्ये ‘मिर्झापूर’च्या दुसऱ्या पर्वात दद्दा त्यागी म्हणून खुर्चीत बसला. एका टोळीचा म्होरक्या. त्याच्या उंचीवर तिथं कुणी विनोद करत नाही, करायची कुणाची छातीही होत नाही. काम मिळालं तेव्हा अभिनय दिसला.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत बुटकेपणाचाही समावेश आहे. प्रौढ वयात १४७ सेंटीमीटर, म्हणजे ४ फूट १० इंच किंवा त्याहून कमी उंची, ही त्याची व्याख्या. सरकारी नोकरीतल्या दिव्यांगांच्या चार टक्के आरक्षणात हालचालीशी संबंधित गटाला जो एक टक्का आहे, त्यात हे लोक येतात. दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर, चारचौघांत अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षेची तरतूद आहे. गल्लीत ‘ए गिड्ड्या’ म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

सिनेमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ८ जुलै २०२४ चा आहे. ‘आँख मिचोली’ सिनेमाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी दाद मागितली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. पारडीवाला यांनी सिनेमात काटछाट करायला सांगितलं नाही. पण दिव्यांगांवरचा विनोद दोन तऱ्हेचा असतो, एक समज वाढवणारा आणि एक माणसाला खाली ढकलणारा, हा फरक त्यांनी मांडला. दिव्यांगांविषयी काही दाखवायचं तर त्यांना सामील करून घ्या, हेही सांगितलं. ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत. भूमिका कुणाला द्यावी हे न्यायालय ठरवत नाही, ठरवूही नये.

आणि आम्ही?

सिनेमावाल्यांना एवढं ऐकवलं, आता घरचं. कमी उंचीच्या माणसाची बातमी आली की डिजिटल डेस्कवर एक मथळा आपोआप टाइप होतो, ‘मूर्ती लहान, कीर्ती महान’. मीही तो किमान तीनदा दिलाय. क्लिक चांगले येतात. गेल्या वर्षी स्पर्धा परीक्षा पास झालेल्या एका मुलीच्या बातमीवर तो पुन्हा टाकला होता. तिनं फोन केला. रागावली नव्हती. एवढंच विचारलं की, माझ्यासोबत पास झालेल्या बाकीच्यांच्या बातमीत त्यांची उंची का नाही दिली? मथळा बदलून तिच्या पदाचं नाव टाकलं. बातमी कमी वाचली गेली.